दिग्दर्शकांना भेटायचं असेल तर दुपारी दोनला या

आवडत्या दिग्दर्शकाचं व्याख्यान आहे म्हटलं की पोरं संध्याकाळी पाचला येतात, मागच्या भिंतीला टेकून उभी राहतात, शेवटी गर्दीत घुसून सेल्फी काढतात आणि ‘भेटलो’ म्हणून सांगतात. खरी भेट त्याच्या तीन तास आधी होऊन गेलेली असते. सभागृह रिकामं असतं, पंखे बंद असतात, पडद्यावर नुसता निळा चौकोन असतो आणि दिग्दर्शक मधल्या रांगेत बसून म्हणत असतात, “तोच सीन परत लावा बरं.” त्या वेळी हातात केबल धरून उभ्या असलेल्या दोघातिघांना जे मिळतं, ते संध्याकाळच्या भरल्या सभागृहाला मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरात आणि आसपासच्या महाविद्यालयांत चित्रपट दाखवून मग दिग्दर्शकांशी संवाद, असे कार्यक्रम आम्ही विभागातर्फे करत आलो आहोत. ते कसे जमतात आणि कुठे फसतात हे जालना, बीड, परभणी, लातूरकडच्या कुणाला करून बघायचं असेल तर कामी यावं म्हणून लिहितो आहोत.

सगळ्यात आधी तारीख. १४ जानेवारीच्या आसपास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात दुसरा कार्यक्रम घ्यायचा विचारच करू नये. १९९४ च्या नामविस्तारापासून त्या दिवशी गेटवर जनसागर असतो आणि तो असायलाच हवा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनामुळे सगळे अधिकारी झेंडावंदनाला. सत्र परीक्षांचे आठवडे आपोआप बाद. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सभागृहात डेझर्ट कूलर लावावे लागतात. कूलर लावले की संवाद गेले, बंद केले की प्रेक्षक गेले. उरतो तो जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. हुरड्याचे दिवस असतात, पाहुणेही खुशीत येतात.

वार ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना लेणी बघायचीच असतात. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. कार्यक्रम सोमवारी ठेवून दुसऱ्या दिवशी ‘चला सर, वेरूळला’ म्हणणारे आयोजक आम्ही पाहिलेत. गुरुवार-शुक्रवार उत्तम. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालेला माणूस पहाटे स्टेशनवर उतरतो, तेव्हा गेस्ट हाऊसची खोली आदल्या दिवसापासून आरक्षित हवी. बारा वाजता खोली मिळणार असेल तर पाहुणे सकाळभर रिसेप्शनच्या सोफ्यावर. पुण्याहून गाडीने २३५ किलोमीटरच्या आसपास, पाच तास धरावेत. तिकिटं आपणच काढून पाठवावीत. ‘तुम्ही काढा, बिल जोडा, नंतर मिळेल’ यातलं नंतर कधी कधी पुढच्या आर्थिक वर्षात उगवतं आणि तेवढ्या एका बिलापायी पुढच्या वेळी फोन उचलला जात नाही.

आता परवानगी. इथे बहुतेक जण चुकीच्या दारात उभे राहतात. दिग्दर्शकाने ‘दाखवा की’ म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्रपटाचा कर्ता निर्माता. म्हणून दिग्दर्शकाशी बोलणं झाल्यावर निर्मात्याच्या कार्यालयाला ईमेल जायला हवा आणि त्यात तारीख, वेळ, ठिकाण, आसनसंख्या, तिकीट आहे की नाही आणि कॉपी कोणत्या स्वरूपात हवी हे सगळं लिहिलेलं हवं. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी सवलत आहे. प्रेक्षक फक्त संस्थेतले शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील तर. आपण मात्र पेपरात बातमी देतो, ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ छापतो आणि ती सवलत स्वतःच्या हाताने घालवतो. गाव बोलवायचं असेल तर लेखी परवानगी घ्यावी, सरळ काम. कुणाच्या तरी ओटीटी खात्यावरून लावू, हा सल्ला दर वेळी येतो. ते खातं घरच्या वापरापुरतं असतं. शिवाय दिग्दर्शक समोर बसलेले असताना त्यांच्या चित्रपटात मधेच नेट गेल्याचं गोल चक्कर फिरू लागलं तर तोंड कुठे लपवायचं?

अकरावी-बारावीचे वर्ग असलेल्या महाविद्यालयात चित्रपटाचं प्रमाणपत्र आधी बघावं. ‘ए’ असेल तर अठरा वर्षांखालच्यांना बसवता येत नाही, मग प्राचार्यांची कितीही इच्छा असो.

कॉपी मागताना ‘पेनड्राइव्हवर द्या’ एवढंच सांगून भागत नाही. चित्रपटगृहासाठी डीसीपी असते, म्हणजे मोठ्या पडद्यासाठी बनवलेली चित्रपटाची डिजिटल प्रत. २के (साधारण दोन हजार ठिपके रुंद चित्राच्या) डीसीपीचा डेटा सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट, म्हणजे दोन तासांचा चित्रपट सव्वादोनशे जीबीपर्यंत जाऊ शकतो. ती कुलूपबंद असेल तर केडीएम नावाची डिजिटल चावी लागते. ही चावी एका ठरावीक सर्व्हरसाठी, म्हणजे चित्रपट चालवणाऱ्या यंत्रासाठी, आणि ठरावीक तासांसाठीच चालते. कुणी मोठा नेता वारला, दुखवटा जाहीर झाला, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ढकलला की चावी गेली. विद्यापीठाच्या सभागृहात असा सर्व्हर बहुधा नसतोच, त्यामुळे तिथे कुलूपबंद डीसीपी मागवणं म्हणजे विनाकारण कुरिअरचा खर्च.

डीसीपीची हार्ड डिस्क आलीच तर एक धोका आधीच सांगून ठेवावा. ती बहुतेकदा लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. विंडोजच्या लॅपटॉपला जोडली की आत काहीच दिसत नाही आणि पडद्यावर विचारणा येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? घाईत ‘यस’ दाबणारा एखादा उत्साही गडी प्रत्येक विभागात असतो. त्याला त्या टेबलापासून लांब ठेवावं.

आमच्याकडच्या सभागृहांना मानवते ती साधी फाइल: १९२० बाय १०८० ची एमपी४, एच.२६४ पद्धतीने आकार कमी केलेली, सेकंदाला २० मेगाबिटच्या आसपास, दोन तासांची झाली तर सुमारे १८ जीबी. फ्रेमचा वेग मूळचा असेल तोच, बहुधा सेकंदाला २४. आवाजाचा ट्रॅक स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा असा दोनच चॅनलचा. ‘स्टिरिओ’ हा शब्द ईमेलात ठळक करावा, का ते पुढे येतंच. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर उतरतच नाही, तो आधीच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा. आणि फाइल दोन ठिकाणी ठेवावी, लॅपटॉपवर एक आणि बाहेर एक. चालवायची नेहमी लॅपटॉपवरची. पेनड्राइव्हवरून थेट चालवली की तासाभराने कुणाचा तरी पाय लागतो.

सभागृहाची पाहणी आदल्या दिवशी, आणि तीही कार्यक्रमाच्याच वेळी करावी. सकाळी अकराला गेलं तर पश्चिमेची खिडकी निरुपद्रवी वाटते. जानेवारीच्या शेवटी सूर्य सहानंतरच मावळतो, म्हणजे पाचला सुरू झालेल्या चित्रपटाचा पहिला तास ती खिडकी थेट पडद्यावर ऊन फेकते. मंडपवाल्याकडे काळं कापड मिळतं. दुहेरी लावावं, एकेरीतून उजेड येतो. ‘एक्झिट’चे दिवे मात्र झाकायचे नाहीत आणि दाराला कडीही घालायची नाही.

प्रोजेक्टरचा हिशेब कागदावर करता येतो. पडद्यावरून दिसणारा उजेड फूट-लँबर्टमध्ये मोजतात, चित्रपटगृहात त्याचं प्रमाण १४. वीस फूट रुंद, १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस फूट. त्यावर ५००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टर फेकतो तो एकूण उजेड) नवा प्रोजेक्टर साधारण २२ फूट-लँबर्ट देतो, उत्तम. पण कॉलेजातला दिवा जुना असतो. आयुष्याच्या शेवटी दिव्याचा उजेड निम्म्यावर आलेला असतो, म्हणजे ११, आणि त्यात खिडकीचा उजेड मिसळला की रात्रीचे प्रसंग नुसते करडे दिसतात. अशा वेळी प्रोजेक्टर पुढे सरकवून चित्र सोळा फुटांचं करावं. लहान पण लख्ख चित्र दिग्दर्शकांना चालतं. मोठं आणि फिकं चाललेलं आम्ही पाहिलेलं नाही. चित्रपट स्कोपमध्ये, म्हणजे जास्त रुंद चौकटीत, असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. चित्राची उंची पडद्याच्या तीन-चतुर्थांशापर्यंत उतरते. रिमोटवर ‘झूम’ किंवा ‘फुल’ दाबून त्या पट्ट्या घालवायला जाऊ नये, चेहरे लांबुळके होतात किंवा कडा कापल्या जातात. सपाट जमिनीच्या सभागृहात पडद्याची खालची कड किमान पाच फुटांवर हवी, नाहीतर सबटायटल्स पुढच्याच्या डोक्याआड.

लॅपटॉप व्यासपीठावर आणि प्रोजेक्टर छताला, असं असेल तर एचडीएमआय केबल लांबते. पंधरा मीटरच्या पुढे साधी केबल दगा देते, चित्र मधेच काळं होऊन परत येतं. नेटवर्कच्या कॅट-६ केबलवरून चित्र लांब नेणारा एक्स्टेंडर घ्यावा. लॅपटॉपची झोप, स्क्रीनसेव्हर, अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचना बंद. शेवटची राहिली तर चित्रपटातल्या सगळ्यात शांत प्रसंगात ‘मम्मी: येताना दही आण’ वीस फुटांवर झळकतं.

वीज हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय. जनरेटर असतो, पण वीज गेल्यापासून तो सुरू होईपर्यंतचं अर्धं मिनिटही दिव्याच्या प्रोजेक्टरला पुरतं. तो बंद पडतो, गरम दिवा लगेच पेटत नाही आणि थंड होऊन परत लागेस्तोवर पाच-दहा मिनिटं अंधारात शिट्ट्या. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि आवाजाचा मिक्सर या तिघांना पुरेल असा यूपीएस मध्ये हवाच. अशा प्रोजेक्टरला साधारण ४०० ते ५०० वॅट लागतात, त्यामुळे संगणकाचा छोटा यूपीएस चालत नाही. भाड्याने मिळतो, साउंडवाल्यालाच सांगावं.

आणि आवाज. या कार्यक्रमांत सगळ्यात जास्त फजिती इथे होते आणि तिचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. चित्रपटाचा आवाज ५.१ मध्ये असतो: समोर डावा, मधला, उजवा, मागे दोन आणि खर्जाचा एक. संवाद जवळपास सगळे मधल्या चॅनलमध्ये. आपल्या सभागृहात डावा-उजवा असे दोनच स्पीकर. लॅपटॉपने सहा चॅनल नीट न मिसळता फक्त डावा-उजवा बाहेर काढला की पार्श्वसंगीत दणदणीत, पक्षी ओरडतात, दार आपटतं आणि माणसं नुसती ओठ हलवतात. पोरगं घाबरून म्हणतं, “सर, आवाज यायलाय पण बोलणं येईना!” साउंडवाला आवाज वाढवतो, त्याने फक्त पक्षी वाढतात. यावर उपाय म्हणजे प्लेअरमध्ये आवाजाचा पर्याय स्टिरिओ करणं, किंवा मुळात स्टिरिओ ट्रॅकच मागवणं. ईमेलात तो शब्द ठळक करायचा तो एवढ्यासाठी.

दुसरा त्रास गुणगुणीचा. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, आणि स्पीकरमधून अखंड ‘हुंऽऽ’. चार्जर काढला की थांबत असेल तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन जागच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावं, नाहीतर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (ही गुणगुण तोडणारी छोटी पेटी) लावावा. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर ऐकू नये, त्याने शॉक बसतो.

आता ती दुपार. पाहुण्यांना आम्ही स्वतःहून विचारतो, “कॉपी तपासायला याल का?” नाही म्हणणारे फार थोडे. आणि येण्याआधी चार प्रसंगांच्या वेळा काढून ठेवतो: एक संवादाचा, एक रात्रीचा, एक सगळ्यात मोठ्या आवाजाचा आणि एक जवळजवळ निःशब्द. संवादावरून मधला चॅनल कळतो, रात्रीवरून उजेड, मोठ्या आवाजावरून स्पीकर फाटतात का ते आणि निःशब्दावरून गुणगुण. सगळं तपासायला पाऊण तास पुरतो. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, माणसं बसली की शोषला जातो. म्हणून दुपारी ठरवलेली पातळी कागदावर लिहून ठेवून संध्याकाळी थोडी चढवावी लागते.

या पाऊण तासात दिग्दर्शक आपोआप बोलायला लागतात, कारण समोर प्रसंग चालू असतो. हा शॉट असाच का, इथे कट आधी होता का, हा कुत्र्याचा आवाज लोकेशनवरचा की नंतर घातलेला, असं मुलांनी विचारायचा अवकाश. संध्याकाळी माइकवर हेच विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर येतं. दुपारी उठून पडद्याजवळ जातात, हाताने चौकट दाखवतात, “इथे भिंत होती, ती आम्ही हलवू शकलो नाही, म्हणून कॅमेरा खाली,” असं सांगतात. केबल धरणाऱ्या मुलांची निवड म्हणूनच विचारपूर्वक करावी. वर्गप्रतिनिधी आहे म्हणून नको. ज्याने किंवा जिने चित्रपट आधी पाहिलाय, तो किंवा ती घ्यावी. मुलींना ‘रांगोळी आणि स्वागत’ समितीत टाकून मुलांना तांत्रिक समितीत घ्यायची सवय आपल्याकडे अजून आहे. ती मोडायला यापेक्षा सोपी जागा नाही.

पाच वाजता सत्कार. याला कुणी टाळू शकत नाही, फक्त जागा आणि वेळ ठरवता येते. चित्रपटाच्या आधी, सात मिनिटं, उभ्या-उभ्या. व्यासपीठावर सोफे आणि टीपॉय मांडले की ते उचलताना दहा मिनिटं जातात आणि मधल्या वेळात माननीयांचं मनोगत सुरू होतं. फ्लेक्स पडद्याच्या मागे किंवा शेजारी लावायचा नाही, त्याचा चकचकीत पृष्ठभाग उजेड परत फेकतो. बाहेर पोर्चमध्ये लावावा, फोटोही तिथेच चांगले येतात. आणि समई. दीपप्रज्वलन व्यासपीठावर झालं की ती पेटती समई पडद्याच्या एका कोपऱ्यात तेवत राहते. फुंकून विझवायला कुणी धजत नाही, उचलायला गेलं तर तेल सांडतं, आणि पाच वातींचा पिवळा उजेड डाव्या कोपऱ्यातल्या प्रत्येक काळोखावर चढतो. समईसुद्धा पोर्चमध्ये. पाहुण्यांचा परिचय त्यांच्याकडूनच पाच ओळींत मागवावा. नेटवरून उचललेल्या परिचयात दुसऱ्याच कुणाचा चित्रपट त्यांच्या नावावर लागलेला असतो.

चित्रपट संपला की श्रेयनामावली पूर्ण चालू द्यावी, दिवे हळू लावावेत आणि लगेच संवाद. चहापान मध्ये घातलं की निम्मं सभागृह बसस्टँडवर. खेड्याकडच्या शेवटच्या गाड्या आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक, या दोन्ही वेळा आधी विचाराव्यात. रेक्टरना चार दिवस आधी पत्र दिलं तर त्या रात्रीपुरती सूट मिळते. आयत्या वेळी फोन करून मिळत नाही.

संवादकाने वीस-पंचवीस मिनिटं बोलतं करावं, मग प्रश्न. दोन फिरते माइक, दोन्ही स्वयंसेवकांच्या हातातच राहतील, प्रेक्षकाच्या हातात जाणार नाहीत. ‘माझा प्रश्न असा नाही, पण मी दोन शब्द बोलू इच्छितो’ म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात आणि माइक एकदा त्यांच्या मुठीत गेला की परत येत नाही. चिठ्ठ्यांचा मार्ग शिस्तीचा, पण त्यात उलटप्रश्न मेला. आम्ही दोन्ही ठेवतो: लाजऱ्यांसाठी चिठ्ठी, बाकीच्यांसाठी माइक, आणि पहिला प्रश्न दुपारी केबल धरलेल्या मुलीचा. तिचा प्रश्न नेमका असतो, मग पुढच्यांनाही ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली’ विचारायला जरा संकोच वाटतो. पैशांचे प्रश्न अडवू नयेत. चित्रीकरण किती दिवस चाललं, कुठे काटकसर केली, वितरक कसा मिळाला, यावर दिग्दर्शक सगळ्यात मोकळं बोलतात आणि इथल्या मुलांना तेच ऐकायचं असतं.

नंतरच्या गर्दीत हमखास दोन गोष्टी होतात. एक, “सर, मी बी एक शॉर्टफिल्म बनवायलोय, बघता का?” म्हणत मोबाइल पुढे. उभ्याने, त्या गोंगाटात कुणीही बघू शकत नाही. दहा मिनिटांच्या आतली फिल्म, चालू लिंक, पासवर्ड, एका ओळीत विषय, एवढं कागदावर लिहून द्यावं. बघितली जाईलच असं नाही, पण गाडीत वाचली तरी जाते. दुसरी म्हणजे पटकथेची फाइल. ती दिग्दर्शक बहुधा हातातही घेत नाहीत आणि मुलं दुखावतात. यात माज नसतो. उद्या त्यांच्या चित्रपटात तसाच प्रसंग आला तर चोरीचा आरोप नको, म्हणून न वाचलेलं बरं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणून आधी कल्पना पूर्ण लिहून काढावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. तेवढं करून मग कुणाच्या मागे लागावं.

दुसऱ्या दिवशी, पाहुणे वेरूळला असताना, लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह दोन्हींवरची फाइल काढून टाकायची, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करायची, आणि निर्मात्याच्या कार्यालयाला तसं ईमेलने कळवायचं: प्रदर्शन झालं, इतके प्रेक्षक होते, फाइल नष्ट केली. हे कुणी मागत नाही. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या चित्रपटाची कॉपी मागताना त्याच ईमेलाखाली उत्तर लिहिता येतं आणि ते लवकर येतं.